बंद पडलेली पेडल स्टील गिटार दारव्ह्यात दुरुस्त करताना

पेडल स्टील गिटार दुरुस्त करून देणारं दुकान मला यवतमाळात सापडलं नाही, अमरावतीत नाही, नागपुरातही नाही. नागपूरच्या वाद्यांच्या दुकानांत पेटी, तबला, सतार, साधी गिटार सगळं दुरुस्त होतं, पण हिचं नाव काढलं की दुकानदार हवाइयन गिटार काढून दाखवतो. तरीही माझी गिटार आज वाजते आहे, आणि तिचं बहुतेक काम दारव्ह्याच्या एका लेथवर झालं आहे. असं एखादं अनोळखी जुनं वाद्य कुणाच्या घरात पडून असेल आणि "याचे पार्ट कुठं मिळणार" म्हणून ते भंगारात निघायच्या बेतात असेल, तर त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहून ठेवते.

आधी वाद्याबद्दल थोडं. हवाइयन गिटार आपल्याकडे नवी नाही. सुनील गांगुली, व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी वाजवलेली सिनेमातली गाणी जुन्या पिढीनं रेडिओवर भरपूर ऐकली आहेत. गिटार आडवी ठेवायची, तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची, मींड आपोआप येते. पेडल स्टील ही तिचीच अमेरिकेत वाढलेली बहीण. ती चार पायांवर उभी असते, बहुधा दहा तारा असतात, खाली पायानं दाबायचे पेडल आणि गुडघ्यानं ढकलायचे लिव्हर असतात. पेडल दाबला की ठरावीक तारा ठरावीक सुराइतक्या ताणल्या जातात, बाकीच्या जागच्या जागी राहतात. १९५४ साली गाजलेल्या, वेब पिअर्स या अमेरिकन कंट्री गायकाच्या एका रेकॉर्डमध्ये बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबला, आणि तिथून अमेरिकेतल्या वादकांमध्ये या वाद्याची ओढ लागली.

माझ्याकडची गिटार यवतमाळातल्या एका घरातून आली. त्या घरातले काका ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रा चालवत. एक अमेरिकन मिशनरी कुटुंब मायदेशी परत जाताना घरातलं सामान विकत होतं, त्यात ही त्यांनी घेतली. काका गेल्यावर ती पलंगाखाली पेटीत बंद होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि हवाइयन गिटार वाजवते, हे कुणीतरी काकूंना सांगितलं. २०२३च्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. पंधरा हजार ठरले. काकू एवढंच म्हणाल्या, "घेऊन जा बाई, पण भंगारवाल्याले नको देजो." साध्या कागदावर विक्रीची पावती लिहून दोघींनी सह्या केल्या. ही पावती करून घ्याच. पुढं परदेशातून भाग मागवताना, मूळ वाद्य तुमच्याकडे कुठून आलं असं कुणी विचारलं तर तेवढा एक कागद हाताशी असतो.

पेटीसकट वजन पंचवीस किलोच्या आसपास. एसटीत सामानाचं तिकीट काढून, मागच्या दाराजवळ उभी ठेवून आणली.

घरी पेटी उघडली तेव्हा मन खचलं, हे खरं आहे. पेटीच्या तळाला वाळवी लागलेली, तारा गंजून कांडीसारख्या ताठ झालेल्या. एक पाय नव्हता. तीन पेडलपैकी एकाचा उभा दांडा गायब, गुडघ्याचे चार लिव्हर हवेत तिथं तीन, त्यातला एक मोडका. ब्रँडची पाटी गळून पडली होती, तिचे नुसते स्क्रूचे भोक शिल्लक. पेडल दाबला तर दगड दाबावा तसं. पण मेपलचं मुख्य लाकूड सरळ होतं, कुठं चीर नव्हती. जुनं वाद्य घ्यावं की नाही याचा कौल माझ्या मते इथंच लागतो. लाकूड पिळलं असेल किंवा जिथून तारा ओढल्या जातात तो चेंजर फुटला असेल, तर पैसे घालू नका. बाकी सगळं बनवता येतं.

पहिले दोन महिने मी एकही भाग विकत घेतला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सगळ्यात जास्त उपयोग याच काळाचा झाला. गिटार उलटी करून गादीवर ठेवली आणि खालच्या यंत्रणेचे मोबाइलनं फोटो काढले. प्रत्येक दांड्याला कागदी टेपची पट्टी लावून नंबर दिला आणि आलेखाच्या वहीत नकाशा काढला: कुठला पेडल कुठल्या आडव्या दांड्याला फिरवतो, त्या दांड्यावरचा कुठला बेल क्रँक (दांडा फिरला की ओढ देणारा आखूड हात) कुठल्या ओढदांड्याला धरतो, तो ओढदांडा चेंजरच्या कितव्या बोटाच्या, म्हणजे एकेक तार ओढणाऱ्या पट्टीच्या, कितव्या भोकात जातो. ही भोकं एकसारखी नसतात. चेंजरच्या आसाजवळच्या भोकात दांडा घातला तर थोड्या हालचालीत तार जास्त ताणली जाते, पण पेडल जड लागतो. लांबच्या भोकात पेडल हलका लागतो, मात्र त्याला जास्त खाली जावं लागतं. मूळ कारागिरानं हा हिशेब प्रत्येक तारेसाठी वेगळा बसवलेला असतो. तो खोलण्याआधी उतरवून घेतला नाही तर परत बसवणं फार कठीण.

मग सफाई. चेंजर अडकला होता तो मोडल्यामुळे नाही, वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून घट्ट झालेल्या चिकट थरामुळे. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन, जुना दात घासायचा ब्रश आणि सुती चिंध्या एवढ्यावर काम झालं. पेट्रोल वापरू नका, आणि हे काम अंगणातच करा. बोटं मोकळी झाल्यावर आसाच्या जागी शिलाई मशीनचं तेल, तेही सुईच्या टोकानं थेंबभर. तेल जास्त झालं की पुन्हा धूळ धरते. डिसेंबरातल्या एका रविवारी पहिल्यांदा पेडल दाबला आणि चेंजरचं बोट सहज हललं, परत जागेवर आलं. तार एकही नव्हती, आवाज नव्हता, पण हे काम पार पडणार असं त्या दिवशी वाटलं.

आता भागांची यादी. वहीत तीन रकाने केले: इथं बनवायचं, बाहेरून मागवायचं, तसंच सोडायचं.

पहिल्या रकान्यातलं सामान घेऊन दारव्ह्याच्या लेथवर गेले. तिथं थ्रेशरचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, पेरणीयंत्राचे सुटे भाग बनतात. लेथवाल्या भाऊंनी गिटारीचा फोटो बराच वेळ निरखला, मग माझी वही पाहिली. "मॅडम, हे तं पेरणीयंत्रच हाय. इकडून दांडा ओढला का तिकडची घोडी फिरते. हेच ना?" हेच. इतक्या थोड्या शब्दांत ही यंत्रणा मला कुणी सांगितली नव्हती. "कायले टेन्शन घेता? करून देतो ना. पण माप पक्कं पाह्यजे." व्हर्नियर त्यांच्याकडेच होता. मापं आम्ही दोघांनी मिळून घेतली.

अडचण आली आट्यांची. सगळे स्क्रू अमेरिकन इंची मापाचे, आणि आपल्याकडे बाजारात बहुतेक मेट्रिक. इंची म्हणून जे मिळतात त्यांतही जुने ब्रिटिश आटे असतात, त्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकनचा ६०. अर्ध्या इंचाच्या बोल्टला तर दर इंचातले आटेही वेगळे, ब्रिटिशला १२ आणि अमेरिकनला १३. दोन-तीन फेरे बसतात, मग बोल्ट अडतो, आणि जोर लावला तर भोकातले आटे जातात. म्हणून नवा बोल्ट घालण्याआधी आटे मोजायचा गेज लावून पाहा, लेथवाल्यांकडे तो असतो. जिथं मूळ आटा शाबूत होता तिथं भाऊंनी तसाच नवा स्क्रू कापला. पिकअपचे (तारांचा कंप विजेत बदलणारी तारेची गुंडाळी आणि चुंबक) दोन बारीक स्क्रू मात्र संगणक दुरुस्तीच्या दुकानात फुकट मिळाले. संगणकाच्या डब्याला लागणारे स्क्रू त्याच अमेरिकन मापाचे असतात.

ओढदांड्यांचं उत्तर वेल्डिंगच्या दुकानात सापडलं. जुने दांडे मोजले तर ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिलिमीटर. टिग वेल्डिंगला लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या कांड्या २.४ मिलिमीटरच्या आणि मीटरभर लांब मिळतात. सरळ असतात, गंजत नाहीत. यवतमाळहून आणल्या, लांबीप्रमाणे कापल्या, टोकाला एम २.५ च्या डायनं आटे पाडले. गायब पाय रेलिंगच्या स्टेनलेस पाइपातून झाला. मोडका लिव्हर ॲल्युमिनियमच्या पट्टीतून, पेडलच्या सांध्यांतल्या बुशी नायलॉनच्या दांड्यातून. वाजवायची कांडीही भाऊंनीच केली, २२ मिलिमीटरच्या स्टेनलेस गजाची, एक टोक गोल, आरशासारखी घासून. लेथचं सगळं मिळून ४,२०० रुपये झाले. भाऊंनी त्यासाठी घातलेला वेळ पाहता ही रक्कम कमीच आहे.

दुसऱ्या रकान्यात थोडंच उरलं: चेंजरच्या परतीच्या स्प्रिंगा, दांड्याच्या टोकाला बसणारे षट्कोनी नायलॉन नट आणि तारा. स्प्रिंगांचा ताण नेमका लागतो, अंदाजानं केलेली स्प्रिंग तारेला मूळ सुरावर परत आणत नाही. साध्या गिटारीच्या संचातून काही जाडीच्या तारा मिळतात, पण सगळ्या नाही. शिवाय लांबच्या खुंटीपर्यंत त्या कधी कधी पुरत नाहीत.

जानेवारी २०२४च्या शेवटी अमेरिकेतल्या एका दुकानाला ऑर्डर दिली. सामान ९४ डॉलर, टपालखर्च ४८ डॉलर, मिळून ११,८०० रुपयांच्या आसपास. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं. आपली कार्डं सुरुवातीला फक्त देशातल्या व्यवहारांसाठी सुरू असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावा लागतो, मर्यादा ठरवावी लागते. काम झाल्यावर तो पुन्हा बंद करून ठेवला.

दुकानदाराला मी एक विनंती केली होती: बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी लिहा, ती कशाची आहे ते लिहा, किंमत खरी लिहा, आणि तेच बिल पाकिटाच्या बाहेरही लावा. ओळखीचे एकजण म्हणाले होते, भेटवस्तू लिहायला सांगा म्हणजे सीमाशुल्क लागत नाही. तसं नाही. टपालानं येणाऱ्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९पासून बंद आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून.

पाकीट फेब्रुवारीच्या मध्याला मुंबईत आल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं आणि तिथंच थांबलं. महिनाअखेरीस पत्र आलं: ओळखपत्र, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि वस्तू कशासाठी आहेत ते लिहून पाठवा. आधारची सही केलेली प्रत, बिल, बँकेच्या विवरणाचं ते पान आणि मराठीत एक साधा अर्ज मी स्पीड पोस्टानं पाठवला. अर्जात लिहिलं की हे एका जुन्या वाद्याचे सुटे भाग आहेत, स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाहीत. सोबत उलट्या ठेवलेल्या गिटारीचा फोटो जोडला आणि कुठली वस्तू कुठं बसते ते बाणानं दाखवलं. फोटो कुणी मागितला नव्हता, पण ज्यानं हे वाद्य पाहिलेलं नाही त्याला नायलॉनचे ते बारीक नट म्हणजे काय, हे कसं कळणार?

मार्च संपता संपता पोस्टमन भाऊ पाकीट घेऊन शाळेतच आले. शुल्क सुमारे ९,१०० रुपये, ते देऊन पावती घेतली. रक्कम वाचून छातीत धस्स झालं. सामानाच्या किमतीवर नाही, टपालखर्च धरून होणाऱ्या रकमेवर ती आकारली होती. दर बदलत असतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी त्या वेळचा दर पाहा आणि तेवढे पैसे बाजूला ठेवा. आणि मागवायचं ते एकदाच मागवा. मी तारांचे तीन संच घेतले होते, ते शहाणपणाचं ठरलं.

एप्रिलमध्ये काम ठप्प. २६ एप्रिलला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, त्याआधी प्रशिक्षण, मग केंद्रावरची ड्यूटी. मे लागला तसा पिकअपचा विषय काढला. मल्टिमीटर लावला तर गुंडाळी तुटलेली. दारव्ह्यातले मोटार रिवाइंडिंगवाले काका म्हणाले, "पंप आन, पंखा आन, हे केसासारखं मायाच्यानं नाई होत." त्यांचं बरोबरच होतं. पंख्याला ३४-३६ नंबरची तार लागते, इथं ४६ नंबरची हवी, म्हणजे ०.०६ मिलिमीटर. त्यांनीच यवतमाळातल्या एका कारागिराचा पत्ता दिला, जे स्टॅबिलायझरमधल्या रिलेच्या गुंडाळ्या भरतात. तार नागपूरहून मागवली. पिकअप सोडवून देताना मी चुंबकाची दिशा आणि वायरींचे रंग लिहून चिठ्ठी चिकटवली. गुंडाळी भरून आली तेव्हा रोध साडेसोळा हजार ओहम, जो अशा पिकअपला साजेसा आहे. तारेसकट १,८०० रुपये. घरी ती मेणात बुडवली, मेणबत्तीचं मेण आणि थोडं मधमाशीचं, पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवलेलं. ६५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, प्लास्टिकचा साचा वाकतो. मेण मुरलं की गुंडाळीतले फेरे हलत नाहीत आणि आवाज वाढवल्यावर शिट्टी येत नाही.

जोडणी उन्हाळ्याच्या सुटीत झाली. २०२४ साली विदर्भातल्या शाळा १ जुलैला उघडल्या, तेवढा अवधी मिळाला. बाहेर ४५ अंश, आत कूलर, आणि कूलर ही तारांची वैरीण. ओल्या हवेत नव्या तारा आठवड्यात काळवंडायला लागतात. म्हणून गिटार कूलर नसलेल्या खोलीत ठेवली आणि वाजवून झालं की तारा कोरड्या कापडानं पुसायची सवय लावली.

सुरात लावणं मला सगळ्यात आवडलं. या गिटारीची रूढ पद्धत ई नाइन म्हणून ओळखली जाते. ई म्हणजे आपली पांढरी तीन. तिला सा धरलं की सगळं कोडं सुटतं. वादकापासून सगळ्यात लांबच्या तारेपासून मोजत यायचं: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिला पेडल दोन्ही पंचमांना धैवतावर नेतो. दुसरा दोन्ही गंधारांना मध्यमावर. दोन्ही एकदम दाबले की सा, म, ध असा मेळ हाताशी येतो. तिसरा पेडल चौथ्या तारेच्या सा ला रे वर आणि पाचव्या तारेच्या पंचमाला धैवतावर. गुडघ्याच्या एका लिव्हरनं सा खाली नी वर उतरतो, दुसऱ्यानं कोमल रे वर चढतो. इंग्रजी अक्षरांतले तक्ते वाचून मी चक्रावले होते, पण हे सरगममध्ये लिहिल्यावर एका संध्याकाळी पाठ झालं. आधी खुल्या तारा खुंट्यांनी लावायच्या, मग पेडल दाबून धरायचा आणि टोकाच्या नायलॉन नटानं चढलेला सूर मिळवायचा. गंधार पेटीपेक्षा जरासा उतरवून, षड्जाशी एकजीव होईल असा लावला. तिकडचे अनेक वादकही तो तसाच लावतात.

तिसरी तार, वरचा गंधार, ०.०११ इंचाची, सतत तुटते. तिच्यावर ताणच तितका असतो. सुट्या तारा साध्या गिटारीच्या जाड संचातून मिळतात, पण आधी लांबी पाहून घ्या.

पहिल्यांदा ॲम्प्लिफायरला जोडली तर गुणगुण इतकी की सूर ऐकू येईना. गिटार निर्दोष होती, घराचं अर्थिंग सुकलं होतं. मे महिन्यात मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो. दोन बादल्या पाणी ओतलं आणि गुणगुण निम्म्याहून कमी झाली. उरलेली तारांपासून जॅकपर्यंत वायर जोडल्यावर गेली.

जूनच्या शेवटी गावातल्या भजनी मंडळासोबत पहिल्यांदा वाजवली. खंजिरीच्या ठेक्यावर पंचमाचा धैवत होताना बुवांनी गाणं थांबवलं नाही, फक्त मान वळवून पाहिलं आणि ती ओळ पुन्हा घेतली. मला फार आनंद झाला. आता दर गुरुवारी बोलावतात.

गिटारीच्या किमतीसह खर्च ४५ हजारांपर्यंत गेला, त्यातला निम्म्याच्या जवळपास बाहेरून आलेल्या सामानाचा आणि शुल्काचा. तिसऱ्या रकान्यातलं, म्हणजे क्रोमवरचे डाग, गळालेली पाटी, तसंच ठेवलं आहे. चौथा लिव्हर बाकी आहे. त्याचं चित्र मापांसकट वहीत तयार आहे, पण लेथवर सध्या थ्रेशरच्या कामांची रांग लागली आहे. "सोयाबीन निघू द्या मॅडम, मंग पाहू," असं भाऊ म्हणाले आहेत, म्हणजे दिवाळीनंतर.